ज्याचं त्यानं बोलावं

आमच्या ओळीत पूर्वी एक टोपीवाला होऊन गेला. माझ्या आजोबांच्याही आधीची गोष्ट, म्हणजे खोटं बोलायला अगदी सोयीची. ह्या टोपीवाल्याला स्वतःच्या टोप्यांचं कौतुक करायची इतकी खोड, की गिऱ्हाईक काळ्याभोर केसांनी आत शिरायचं आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत टकलं होऊन बाहेर पडायचं. घेतलेली टोपी मग घरी जाईस्तोवर नाकावर उतरायची. एकदा बोलण्याच्या भरात त्यानं आपली टोपी इतकी वर चढवली, इतकी वर चढवली, की ती वाऱ्याला लागली, आणि तिच्यामागून तोही. परत काही आला नाही. तेव्हापासून ओळीत दंडक पडला : आपल्या कामाबद्दल आपण बोलायचं नाही. शेजाऱ्यानं बोलायचं.

टोपीवाल्यावर विश्वास ठेवू नका. दंडकावर ठेवा. त्यात मी जन्म काढला आहे.

ओळ म्हणजे काय, तर मोठ्या इस्पितळाच्या फाटकापासून बस डेपोच्या फाटकापर्यंत भिंतीला चिकटून बसलेली पाच दुकानं. दुकान म्हणायचं आपलं. एकानं आत बसावं आणि दुसऱ्यानं बाहेरून वाकून बोलावं, एवढीच जागा. इस्पितळाच्या बाजूला घड्याळवाला, मग रफूवाली, मग मी छत्रीवाला, मग किल्लीवाला आणि डेपोच्या टोकाला बूटवाला. गिऱ्हाइकानं मोडकी छत्री पुढे करून "काय घ्याल?" विचारलं, की मी मान खाली घालून काड्या चाचपत बसायचो. पलीकडून किल्लीवाला हातातली कानस थांबवून सांगायचा, "त्या हातानं जोडलेली काडी वादळाला भीक घालत नाही, साहेब. इतके इतके द्या. घासाघीस करायची तर माझ्याशी करा, तो बिचारा हो म्हणून बसेल." माझं तो बोलायचा, रफूवालीचं मी बोलायचो, घड्याळवाल्याचं रफूवाली, आणि बूटवाल्याचं घड्याळवाला. आता हे दोघे ओळीच्या दोन टोकांना, त्यात बूटवाला कानानं जड. त्यामुळे एका टाचेचा भाव इस्पितळातल्या पेशंटांनाही पाठ असायचा. बूटवाला किल्लीवाल्याचं बोलायचा, की फेरा पुरा.

बाहेरच्याला हे खूळ वाटायचं. पण नीट बघा. काम करणाऱ्याला स्वतःच्या कामाची एक तर लाज असते, नाही तर हाव. शेजाऱ्याला दोन्ही नसतात. त्यानं दिवसभर तुमची वाकलेली मान पाहिलेली असते, बस.

रफूवालीला मी वहिनी म्हणायचो. त्यांचा नवरा माझा दोस्त. तो लवकर गेला, पदरात एक मुलगी टाकून. कोटाला निखाऱ्याचं भोक पडलं, की वहिनी त्याच कोटाच्या आतल्या दुमडीतून धागे उपसून काढायच्या आणि भोकावर उभे-आडवे असे विणत जायच्या, की कापडालासुद्धा आपण जळल्याचं आठवू नये. एका गृहस्थानं तर दुकानात भांडण काढलं होतं, माझा कोट बदललात म्हणून. त्याच्या कोटाला भोक होतं म्हणे, ह्याला कुठे आहे? मी मध्ये पडलो. म्हटलं, "भोक हवंच असेल तर तेही करून देतील, पण त्याचे वेगळे पडतील."

स्वतःच्या गिऱ्हाइकासमोर वहिनी अशा मुक्या. ओठांत धागा, डोळे सुईवर. पण घड्याळवाल्याच्या दारात कुणी नाक मुरडलं, की ह्याच वहिनी ओठांतला धागा काढून फळीवर ठेवायच्या आणि सुरू व्हायच्या. त्यांच्यापुढे वकिलानं पाणी भरावं. डेपोतले ड्रायव्हर इंजिनं बंद करून ऐकायचे. एकदा तर गाडीतले उतारूही उतरून ऐकत उभे राहिले, आणि गाडी वाट पाहून एकटीच निघून गेली. गाडीचं मी जरा वाढवून सांगितलं. वहिनींचं नाही.

मुलगी आईच्याच फळीखाली, माझ्या बाजूला वाढली. कापडाच्या तुकड्यांच्या ढिगावर झोपायची, तिथेच पाटीवर अक्षरं काढायची. फळीखालून तिला दिसायचे आईचे पाय आणि गिऱ्हाइकाचे बूट, आणि वरून ऐकू यायचा माझा आवाज. घड्याळवाल्याच्या बाजूला आई काय बोलते तेही कानावर पडत असणारच. पण पोरांना जे खुपतं तेच त्यांच्या लक्षात राहतं.

एक दिवस ती फळीखालून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "काका, माझ्या आईला तोंड आहे."

"आहे की. धागा धरायला लागतं."

"मग तिचं तुम्ही का बोलता?"

"ती बोलली तर काम फुकट करून देईल आणि वर चहा पाजेल."

ती हसली नाही. वहिनी हसल्या, पण ओठांत धागा होता, म्हणून फक्त डोळ्यांनी.

शिकत शिकत ती इतकी पुढे गेली की आम्हाला तिची पाठही दिसेना. मग एक दिवस विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायला लागली, आणि ओळीनं तिचं नाव प्रोफेसरीण ठेवलं. तत्त्वज्ञान म्हणजे देव आहे की नाही, त्यातलं, असं मी समजत होतो. तिचं तसलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी ती माझ्या स्टुलावर येऊन बसायची आणि सांगायची. दूरदूरच्या देशांत, अगदी आपल्या काळात, लोकांनी ह्यावर डोकं झिजवलंय म्हणे : बोलायचं कुणी, आणि ज्याच्याबद्दल नुसतं बोललं जातं तो कोण. वेड्याबद्दल डॉक्टर बोलतो, कैद्याबद्दल जेलर, गरिबाबद्दल अधिकारी. जो बोलतो तोच ठरवतो की समोरचा काय लायकीचा आहे. आणि कळवळ्यानं बोलणारासुद्धा त्यांच्यातलाच.

"काका, दुसऱ्याच्या वतीनं बोलणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं. हात मऊ असला तरी हातच."

"आणि त्याला बोलताच येत नसेल तर?"

"येतं. आपण गप्प बसत नाही म्हणून ऐकू येत नाही. आपण थांबायचं."

"मी थांबलो तर तुझी आई जेवणार काय?"

तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "मी लहान होते. आईच्या अंगात ताप होता. आणि तुम्ही एका माणसाला सांगितलंत, कोट संध्याकाळी मिळेल. तिनं दिला. आठवतं तुम्हाला?"

मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं. त्यावर मी काड्या मोजायचं नाटक केलं. पोरगी पुस्तकातलं बोलत होती खरं, पण पुस्तकात शिरायच्या आधी तिनं ते फळीखाली बसून पाहिलं होतं. आणि तिचं म्हणणं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. म्हणून तर ही गोष्ट सांगताना जीभ जड होते.

मग महापालिकेची नोटीस आली. बसगाड्यांना रस्ता अपुरा पडतो, सबब ओळ उठवायची, आणि आम्हाला नव्या बाजार-इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर जागा द्यायची. त्याआधी सुनावणी. रस्ता दुसऱ्या अंगानं वाढवता येईल का, हेही सुनावणी घेणारे साहेब तिथेच ठरवणार होते. म्हणजे अजून दोर कापले गेले नव्हते. ओळ राहायची की जायची, ते आमच्या तोंडी होतं.

किल्लीवाल्याचा मेव्हणा वकील. तो म्हणाला, मी सगळ्यांच्या वतीनं उभा राहतो, फी नको, आयुष्यभर माझ्या कुलपांना फुकट किल्ल्या करून दिल्यात. इस्पितळातल्या नर्सबायकाही म्हणाल्या, आम्ही येऊन सांगतो ही दुकानं आम्हाला का लागतात. आम्ही निर्धास्त झालो. आणि त्याच आठवड्यात प्रोफेसरीण बिस्किटांचा पुडा घेऊन आली. चेहरा असा फुललेला, की मला वाटलं लग्न ठरलं.

ती साहेबांना भेटून आली होती. साहेब सज्जन, वाचन असलेला माणूस. वकिलांच्या भाषणांना विटलेला. तिनं त्यांना पटवलं होतं, की आजवर ह्या लोकांबद्दल फक्त दुसरे बोलत आलेत. एकदा त्यांनाच विचारा. वकील नको, पुढारी नको, शिफारस नको. प्रत्येकानं स्वतःबद्दल बोलायचं, फक्त स्वतःबद्दल. साहेबांनी तसा नियमच केला : ज्याचं त्यानं बोलावं.

"पहिल्यांदा होतंय हे," ती म्हणाली. "कुठल्याच शहरात असं झालेलं नाही. आई, तुझं म्हणणं कुणीतरी तुझ्या तोंडून ऐकणार आहे."

वहिनींनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बिस्किटाचा पुडा फोडला.

किल्लीवाल्यानं कानस खाली ठेवली. "प्रोफेसरीणबाई, आम्हाला स्वतःचं बोलायची सवय नाही हो."

"तीच तर मोडायची आहे, मामा."

"सवय कोवळेपणी मोडते. आता मोडायला गेलीस तर हाडं मोडतील."

सगळे हसलो. तीही हसली. मग तिनं आमची तालीम घेतली. बूटवाल्याला विचारलं, तुम्ही काय करता. तिसऱ्यांदा ओरडून विचारल्यावर तो म्हणाला, "टाचा लावतो."

"आणि?"

"आणि काय? लागतात."

"तुमच्या कामाचं महत्त्व सांगा ना."

बूटवाल्यानं घड्याळवाल्याकडे पाहिलं, म्हणजे सवयीनं. घड्याळवाल्यानं तोंड उघडलं, तर तिनं हसून बोट ओठांवर ठेवलं. "अंहं. ज्याचं त्यानं."

तिला वाटलं, लाजतायत. समोर खरोखर ऐकणारं माणूस आलं की आपोआप फुटेल बोल. तिच्या सगळ्या विद्येचा पायाच तो होता. आणि आम्हाला? आम्हाला कळत होतं. कळत असून कुणी नको म्हटलं नाही. फळीखाली वाढलेलं आमचं पोर, ओळीसाठी साहेबाच्या खुर्चीपर्यंत जाऊन भांडून आलं होतं. त्याचं मन मोडायचं जिवावर आलं. मेव्हण्याला तसं कळवलं. नर्सबायकांना सांगितलं, येऊ नका. बिस्किटं मात्र चांगली होती.

सुनावणीची खोली स्वच्छ, पांढरी. तिच्या सांगण्यावरून टेबल बाजूला सारून खुर्च्या गोल मांडल्या होत्या, म्हणजे कुणी वर नाही, कुणी खाली नाही. साहेबही गोलातच बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि खरोखर ऐकायच्या तयारीनं पुढे वाकून बसले. त्यांच्यावर बोट ठेवायला मला आजतागायत जागा सापडलेली नाही. प्रोफेसरीण त्यांच्या शेजारी. डेपोच्या टोकापासून सुरुवात झाली.

"तुम्ही काय काम करता?" साहेबांनी विचारलं.

"टाचा लावतो," बूटवाला म्हणाला.

"इथून हलवलं तर तुमचं काय नुकसान होईल?"

"काय व्हायचंय? चपला काय, सगळीकडेच झिजतात."

मग किल्लीवाला. "किल्ल्या करतो. फार काही नाही त्यात. आता तर मशिनं निघालीत." हाच माणूस, ज्यानं बाळंतपणाच्या खोलीचं अडकलेलं दार उघडून आई नि मूल दोघांना बाहेर काढलं होतं. ते बूटवाल्यानं सांगितलं असतं. अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असं सांगितलं असतं.

मग मी. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. ह्या माणसाची जीभ तर आपल्याला तारून नेईल. छत्रीला लटकून नदी ओलांडल्याचं ज्यानं पोहता न येणाऱ्यांनासुद्धा पटवून दिलं होतं, तो मी. उठलो, आणि सांगतो तुम्हाला, तोंडात जीभ होती पण तिला धरायला काही नव्हतं. दुसऱ्या कुणाचं काही विचारा ना, मी तासभर बोललो असतो. "मी आपला काड्या सरळ करतो," मी म्हणालो.

"वरच्या मजल्यावर अडचण होईल का, आजोबा?"

"नाही, छत्र्या काय, हलक्याच असतात."

प्रोफेसरिणीनं माझ्याकडे पाहिलं. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं. ती अजून वाट पाहत होती. मी खाली बसलो तरी ती वाट पाहत होती.

आता वहिनींची पाळी. वहिनी आमचं सगळं ऐकत बसल्या होत्या. उभ्या राहिल्या, पदर सावरला, आणि त्यांचा तो आवाज निघाला. इंजिनं बंद करायला लावणारा. "माझं राहू द्या, साहेब. आधी ह्या घड्याळदादांचं ऐका. ह्या माणसाच्या मनगटाकडे बघा तुम्ही. बघा जरा..."

साहेब सरसावून बसले. मी मनात म्हटलं, सुटलो. किल्लीवाल्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आणि मग साहेबांनी हात वर केला. उद्धटपणानं नाही हो, अगदी अदबीनं. "बाई, ते स्वतः इथं बसलेत ना? त्यांची पाळी येईल. आपलं ठरलंय, ज्याचं त्यानं. तुम्ही तुमचं सांगा." आणि नियम जिचा होता तिच्याकडे त्यांनी पाहिलं, बरोबर ना, अशा अर्थानं.

वहिनींनीही लेकीकडे पाहिलं.

नुसतं "बोलू द्या" म्हणायचं होतं. दोन शब्द. मला दिसत होतं, ते तिच्या ओठांपर्यंत आले होते. पण विचार करा, तिनंच भांडून मिळवलेला नियम, आणि पहिली सूट स्वतःच्या आईसाठी मागायची? आणि तीही कशासाठी, तर आईनं पुन्हा एकदा स्वतःला बाजूला सारावं म्हणून? लहानपणापासून जे तिला सलत होतं, नेमकं तेच आई तिथं उभी राहून करत होती. तिच्या हातातलं पेन वाकेल की काय असं वाटलं.

"आई," ती म्हणाली, फार मायेनं, "तू तुझं सांग ना. आम्ही थांबतो. लागू दे किती वेळ लागायचा तो."

आणि आम्ही थांबलो. इतक्या आदरानं आजवर कुणी कुणाची वाट पाहिली नसेल. साहेबांनी पेनसुद्धा खाली ठेवलं. पंखा फिरत होता. वहिनींचे ओठ मिटले, धागा धरल्यासारखे.

"माझं काय," शेवटी त्या म्हणाल्या. "भोकं बुजवते. कुठंही बसेन. उजेड असला म्हणजे झालं."

साहेबांचा चेहरा उजळला. कुणाची तरी अडचण आपण सोडवू शकतो, ह्याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. "वरच्या मजल्यावर उजेड भरपूर आहे, बाई," ते म्हणाले.

घड्याळवाल्यानं उठून सांगितलं, "घड्याळं बघतो." लोक दुरून येतात का? "येतात, जातात." संपलं.

निकाल लागला तो असा, की पाचही दुकानदारांनी स्वतः, स्वतःच्या तोंडानं, कसलंही नुकसान नसल्याचं सांगितलं. किल्लीवाल्याचा मेव्हणा निकाल वाचून कपाळ बडवत बसला. "अरे, मी घोळ घातला असता तर वरच्या कोर्टात जाऊन निस्तरला असता. वकिलाची चूक दुरुस्त होते. तुम्ही खुद्द जे बोललात ते मी कुठल्या तोंडानं खोडू?" प्रोफेसरिणीनं तरी खटपट केली. अर्ज घेऊन पुन्हा साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "मॅडम, आता तुम्ही त्यांच्या वतीनं बोलताय." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी तिचा विचार तिच्यापेक्षा जास्त मनावर घेतला होता.

वरच्या मजल्यावरचं फार सांगत नाही. जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. मी एका कोपऱ्यात, वहिनी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये पत्र्याची पार्टिशनं. माझ्या शेजारी एक मोबाइलची कव्हरं विकणारा आला; भला मुलगा, पण त्यानं माझी मान वाकलेली कधी पाहिली नव्हती, तो काय बोलणार? बूटवाला आपला भाव आपण सांगायला लागला, तो इतका कमी, की गिऱ्हाइकांना संशय यायचा आणि ती चपला घेऊन परत जायची. लिफ्ट होती, बंद. पाळी बदलायच्या घाईत इस्पितळातली कोण बाई इतके जिने चढून येते? उजेड मात्र खरंच भरपूर होता. वहिनी त्यात सुई ओवून बसायच्या आणि संध्याकाळी तोच धागा काढून ठेवायच्या. किल्लीवाला एका लोखंडी सामानाच्या दुकानात नोकरीला लागला. घड्याळवाला मुलाकडे गेला, दुसऱ्या गावी. मग वहिनींनीही फळी आवरली आणि लेकीच्या घरी राहायला गेल्या.

मी मधून मधून त्यांच्याकडे जातो. परवा गेलो, तर दार प्रोफेसरिणीनंच उघडलं. हल्ली ती बारीक झाली आहे. अजून शिकवते, पण तो विषय कुणाला तरी देऊन टाकलाय म्हणाली. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, "वर्गात ते वाक्य आलं की मला पुढचं सुचत नाही, काका."

"कुठलं वाक्य?"

"हात मऊ असला तरी हातच."

वहिनी स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. मी बसलो, चहा झाला, गुडघ्यांची चौकशी झाली. मी नदीची गोष्ट काढली. ह्या खेपेला नदी थोडी रुंद केली होती. कुणी टोकलं नाही, म्हणून मीच गप्प झालो. मग प्रोफेसरीण आईसमोर बसली आणि शेंगेचं साल हातात घेऊन उगाच मोडत म्हणाली, "आई, त्या दिवशी घड्याळकाकांचं काय सांगणार होतीस?"

"आता कशाला ते."

"सांग ना. मला ऐकायचंय."

"शिळ्या कढीला ऊत," वहिनी म्हणाल्या. पण मटार सोलता सोलता सुरू झाल्या. "म्हणणार होते, मनगटाकडे बघा ह्यांच्या. आहे घड्याळ? नाही. घड्याळवाला असून नाही. का नाही, विचारा. रात्रपाळीच्या नर्सचं घड्याळ मागे पडायला लागलं, की ती पळत पळत येते, तिला थांबायला सवड नसते. हे काय करतात, आपल्या हातातलं काढून तिला देतात, तिचं ठेवून घेतात. उद्या ये म्हणतात. तिचं होतं न होतं तोवर डेपोतला कुणी ड्रायव्हर येतो. मग नर्सचं दुरुस्त झालेलं त्याला. असं एकाचं दुसऱ्याकडे, दुसऱ्याचं तिसऱ्याकडे, आणि हा माणूस रस्त्यानं जाणाऱ्याला वेळ विचारतो. लोक हसतात, बघा, घड्याळवाला वेळ विचारतोय." वहिनींचे हात थांबले होते. त्या कधी उभ्या राहिल्या ते त्यांनाही कळलं नसावं. "हसा, साहेब, खुशाल हसा. पण तुमच्या इस्पितळात सुया कुणाच्या घड्याळावर टोचतात? पहाटेची गाडी कुणाच्या घड्याळावर सुटते? ह्याला वर नेऊन बसवाल, तर ती पोरगी पेशंट टाकून जिने चढेल होय? नाही चढणार. ती ते मागे पडणारंच घालून फिरेल. आणि मागे पडलेल्या घड्याळानं कुणाचं काय होतं, ते मग इस्पितळातच विचारा. रस्ता तिकडून वाढवा, साहेब. तिकडे नुसती भिंत आहे. भिंतीला वेळेचं काही नसतं."

फ्रिजकडे हात करून बोलत होत्या; साहेब बहुधा तिथं बसले होते. खोलीत असं काही झालं होतं की मला टाळी द्यायला किल्लीवाला हवा होता. वहिनी भानावर आल्या, खाली बसल्या आणि सांडलेले दाणे वेचायला लागल्या. "असं काहीतरी. जमलं असतं की नाही, देव जाणे."

"जमलं असतं," प्रोफेसरीण म्हणाली.

"मग तू थांबवलंस का गं मला?"

ह्यात राग नव्हता. उलटतपासणी नव्हती. इतके दिवस मनात अडकलेलं त्यांनी सहज विचारलं, मीठ घातलंस का विचारावं तसं. प्रोफेसरिणीनं तोंड उघडलं. ह्या प्रश्नावर तिनं किती लिहिलं असेल, किती सभांतून बोलली असेल. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मी ओळखतो. ओळीत आम्ही सगळे तसंच पाहायचो, भाव सांगायची वेळ आली की, शेजाऱ्याकडे.

"वहिनी," मी म्हणालो, "तिला तुमचा आवाज ऐकायचा होता. दुसरं काही नाही. लहानपणापासून."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं. त्यांना खरंच नवल वाटत होतं.

"अहो भावजी," त्या म्हणाल्या, "पण तोच तर होता."

प्रोफेसरिणीनं आईच्या पुढ्यातल्या शेंगांतली एक उचलली आणि सोलायला लागली. तिला ते नीट येत नाही. दाणे टरफलाबरोबर टाकत होती. वहिनी ते एक-एक करून उचलून भांड्यात घालत राहिल्या.